अण्णांची संथा आणि सीडीतले गुरुजी

आमच्या शेजारची शुभदा यंदापासून आपल्या मुलाला घरीच शिकवते आहे. शाळा नाही, दप्तर नाही. सकाळचा नाश्ता झाला की तो टॅबलेट उभा करून बसतो आणि त्यातून कोणी एक बाई त्याला गणित शिकवते. परवा शुभदा दारात आली, हाताला कणीक तशीच, आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा, व्हिडिओ चालू असताना आईबापाने शेजारी बसावं, की लावून देऊन उठावं? मी बसले तर तो माझ्याच तोंडाकडे बघतो, उठले तर पंख्याकडे. तुम्ही तर घरीच शिकलात ना लहानपणी?" मी तिला चहा दिला, आलं जरा जास्त पडलंय म्हणून आधीच सांगून टाकलं, आणि उत्तर मात्र दिलं नाही. देता आलं नाही. याच एका प्रश्नावरून माझ्या आईवडिलांचं उभ्या आयुष्यातलं एकमेव मोठं भांडण झालं होतं, आणि माझी पंचाईत अशी की मला दोघांचंही पटत होतं. शुभदा गेल्यावर कप विसळताना मला अण्णांचा आवाज आठवला. त्या आवाजात एकच शब्द होता, "पुन्हा."

अण्णा म्हणजे माझे वडील. धारला संस्थानच्या वेळेपासूनचं एक छोटं राममंदिर आहे, त्याची पूजा आमच्या घराण्याकडे होती. देवळामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आम्ही म्हणजे आठवडाभर अण्णा आणि मी. आई देवासला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. शनिवारी संध्याकाळी ती इंदूरला बस बदलून यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. गावातल्या लोकांना वाटायचं, नवराबायकोचं पटत नसेल. अण्णांना कोणी आडून विचारलंच तर ते हसून म्हणायचे, "काय करणार भिया, देव धारला आणि पगार देवासला." माझ्या लहानपणीची धारची सकाळ म्हणजे सहाणेवर चंदन उगाळल्याचा आवाज, मग गाभाऱ्यातली घंटा, मग रस्त्यावर पोहे-जलेबीच्या गाडीवरचा झाऱ्याचा खणखणाट, याच क्रमाने. पूजा आटोपली की अण्णा सोवळं सोडून बंडी चढवायचे आणि चुलीपाशी बसायचे. त्यांच्या हातचा भुट्ट्याचा कीस मी पुन्हा कुठे खाल्ला नाही. कोवळी कणसं किसून ते दुधात इतक्या धीराने परतत बसायचे की मी भुकेने रडकुंडीला यायची. "थांब पलू, त्याला सुटू दे कडेने," म्हणायचे. पावसाळा सरला की जवळच्या नालछा गावचा एक भक्त टोपलीभर सीताफळं आणून द्यायचा. त्यातल्या पिकलेल्या सीताफळांचा दाणेदार गर अण्णा स्वतः बिया काढून माझ्या वाटीत घालायचे. मी दहा वर्षांची घोडी झाले होते तरी.

मी अडखळत बोलायची. अजूनही, थकले की, बोलते. शब्द माहीत असतो, जिभेच्या टोकाशी आलेला असतो, आणि तिथेच दार लागतं. सगळ्यांत वाईट दार माझ्याच नावापाशी. पल्लवी हे नाव आईने मोठ्या हौसेने ठेवलं होतं. त्यातला पहिला 'प' माझ्या ओठांवर असा चिकटून बसायचा की समोरचा माणूस कंटाळून दुसरीकडे बघायला लागायचा. हिंदी शाळेत हजेरीला "उपस्थित" म्हणावं लागे. माझा नंबर जवळ येऊ लागला की तळहाताला घाम फुटायचा. मुलं मला 'हकली' म्हणायची, त्याचं एक वेळ काही नाही, मुलं कोणालाही काहीही म्हणतात. पण एक दिवस वर्गातल्या बाईंनी माझा नंबर आला की माझ्याकडे न बघताच हजेरी लावायला सुरुवात केली, दया म्हणून, आणि त्या दिवसापासून मी शाळेत जाईना. मारलं नाही कोणी मला. अण्णा म्हणाले, "राहू दे." आई म्हणाली, "राहू दे कसं? पाचवीची परीक्षा आहे पुढच्या वर्षी." शेवटी ठरलं की मी घरी शिकायचं आणि परीक्षेला खासगी म्हणून बसायचं.

आईने इंदूरहून पाठांच्या सीडीचा संच आणला. निळा डबा, आत कप्प्याकप्प्यांत चकत्या, प्रत्येकीवर विषयाचं नाव. सीडी लावायला यंत्र हवं, ते चौकातल्या राजूभियाच्या दुकानातून आलं. राजूभिया स्वतः जोडायला आला. टीव्हीवर अंथरलेली बाग गावची छापील चादर त्याने अदबीने घडी करून बाजूला ठेवली, वायरी खुपसल्या आणि रिमोट अण्णांच्या हातात देऊन म्हणाला, "पंडितजी, ये दबाओगे तो मास्टर चुप, फिर दबाओगे तो चालू. अपने टाइम में ये बटन होता तो मजा आ जाता भिया!" अण्णांनी रिमोट डाव्या हातात घेतला. उजव्या हाताला अजून गंध होतं.

पडद्यावर एक सर आले. पन्नाशीचे, बिनबाह्यांचा स्वेटर, मागे हिरवा फळा. त्यांना मधूनमधून बारीक खोकला यायचा आणि तो कोणी कापून काढला नव्हता. "तो बच्चो, आज हम सीखेंगे..." एवढं ते म्हणाले आणि अण्णांनी बटण दाबलं. सर तोंड उघडं ठेवून थिजले. अण्णा माझ्याकडे वळले, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "म्हण."

आता हे कोणाला चमत्कारिक वाटेल, पण अण्णांना शिकणं म्हणून जे ठाऊक होतं ते हेच. ते सात वर्षांचे असल्यापासून त्यांच्या वडिलांपुढे मांडी घालून बसले होते. गुरूने एक चरण एकदा म्हणायचा, शिष्याने दोनदा. चुकलं की गुरू फक्त "पुन्हा" म्हणतो, रागावत नाही, समजावतही नाही. याला संथा घेणं म्हणतात, आणि अण्णांच्या डोक्यात अशी साधी गोष्ट बसली होती की पडद्यावरचे गुरुजी एकदा म्हणताहेत, म्हणजे आपण दोनदा म्हटलं पाहिजे. आणि गुरुजी थांबायला तयार नाहीत म्हणून देवाने हे बटण दिलं आहे. "अर्थ कळला नाही अण्णा" म्हटलं तर म्हणायचे, "आधी जिभेवर बसू दे. अर्थ मागून येतो, पायी चालत."

पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं आणि दार लागलं. "त-त-त..." तेव्हा अण्णा माझ्याबरोबर म्हणू लागले. तोच सूर, तीच लय, मान जराशी वरखाली. "तो बच्चो, आज हम सीखेंगे..." आणि माझ्या तोंडून अख्खं वाक्य बाहेर आलं. न अडखळता. मी दचकले. अण्णाही दचकले असावेत, पण त्यांनी दाखवलं नाही. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा आलं. मग ते हळूच गप्प झाले आणि मी एकटीच म्हणत राहिले, त्यांच्या सुराच्या मागोमाग, आणि तरीही वाक्य तुटलं नाही. त्या दुपारी आम्ही एक पाठ संपवायला जेवणाची वेळ टळू दिली. खिचडी लागली. खाली लागलेली खिचडी अण्णांनी स्वतःच्या ताटात घेतली आणि जेवताना एकदा नव्हे, चांगलं तीनतीनदा हसले.

मग तसंच चालू झालं. पूजेनंतर पाठ. भूगोल, विज्ञान, गणित, सगळं संथेने. मला सगळे पाठ तोंडपाठ झाले, सरांच्या खोकल्यासकट. तो कुठे येतो हे मला आणि अण्णांना इतकं नेमकं ठाऊक होतं की ती जागा आली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खोकायचो. त्या दिवसांत लाइट फार जायची. पाठ अर्ध्यावर असताना पडदा काळा व्हायचा, पंखा कुरकुरत थांबायचा आणि बाहेरची पाखरं एकदम मोठ्याने बोलायला लागल्यासारखी वाटायची. मी म्हणायची, "ग-गेली लाइट." अण्णा म्हणायचे, "लाइट गेली, गुरुजी कुठे गेलेत?" आणि काळ्या पडद्यासमोर बसून ते पुढचा पाठ सरांच्या आवाजात सांगू लागायचे. हिंदी त्यांचं असं संस्कृत वळणाचं, आणि हिंदीत अपूर्णांकाला भिन्न म्हणतात. "भिन्न को भिन्न से भाग देना हो, तो दूसरी भिन्न को उलट दो और गुणा करो।" मी दोनदा म्हणायची. आजवर मी पुष्कळ शिकवणारे पाहिले, स्वतःही चार पोरं शिकवली, पण काळ्या पडद्यातून शिकवणारा माणूस दुसरा भेटला नाही.

आई शनिवारी यायची तेव्हा पाठाला सुट्टी असायची, म्हणून तिला हे बरेच दिवस कळलं नाही. एका सोमवारी कारखान्याला सुट्टी निघाली आणि ती राहिली. तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून पूर्ण पाठ पाहिला. अण्णा थांबवताहेत, मी म्हणते आहे, अण्णा "पुन्हा" म्हणताहेत. पाठ झाल्यावर ती म्हणाली, "अहो, हे काय चाललंय?"

"शिकते आहे."

"ती शिकत नाहीये, पाठ करून राहिली आहे. त्या सीडीत माणूस समजावून सांगतो ना, त्याला बोलू द्या की पूर्ण! तुम्ही लावून द्या आणि उठा तिथून. नाही समजलं तर ती पुन्हा लावील."

"एकटीला सोडू म्हणतेस टीव्हीपुढे?"

"एकटीला म्हणजे काय रानात नाही सोडायचं. आमच्या लॅबमध्ये नवी पोरं येतात ना, ती काचेच्या भांड्यात सारखी कांडी फिरवत राहतात. मी म्हणते, बाबांनो, थांबा. ढवळणं थांबवल्याशिवाय तळाशी काय बसलंय ते दिसत नाही. तुम्ही तिला सारखं ढवळून राहिला आहात."

अण्णा जानव्याशी चाळा करू लागले. मग इतकंच म्हणाले, "ती बोलते माझ्याबरोबर." आईला त्याचा अर्थ लागला नाही, कारण तिने मला बोलताना ऐकलं होतं ते पाठांतर म्हणून ऐकलं होतं, आणि एरवी तिच्यापुढे मी पूर्वीसारखीच अडखळत होते. मग शब्दाने शब्द वाढला. देव, पगार, शाळा, सगळं निघालं. शेवटी आईने सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. मी विचारीन ते तिला तिच्या डोक्याने सांगता आलं तर राहू दे इथे. नाही तर ती देवासला येईल माझ्याकडे, आणि पाठ एकटी बघेल." मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते. देवास मला शत्रूचं गाव नव्हतं, सुट्टीत जात होतेच की मी. पण अण्णांशिवायची सकाळ मला कल्पनेतही बसवता येईना. माझी जीभ जिथे चालायची ती जागा म्हणजे अण्णांच्या शेजारची चटई होती, ती मी देवासला कशी नेणार होते?

दिवाळीला अण्णांनी मला नवं परकर-पोलकं घालून टीव्हीसमोर बसवलं. टीव्ही बंद होता. आई अनारशांचं पीठ मळता मळता येऊन बसली. अण्णा म्हणाले, "कर सुरुवात, पलू." आणि मी सुरुवात केली. भिन्नांचा अख्खा पाठ, "तो बच्चो"पासून "अगले पाठ में मिलेंगे"पर्यंत, एका दमात, खणखणीत. खोकल्याच्या जागी खोकले. मी मधे आईकडे बघितलं तर तिचे पिठाचे हात मांडीवर तसेच पडले होते आणि तोंडावरून पाणी वाहत होतं. अण्णांच्या सुराच्या आधाराशिवाय चार वर्षांत तिने माझ्या तोंडून एक सरळ वाक्य ऐकलं नव्हतं. पाठ संपल्यावर तिने मला जवळ ओढलं, माझ्या नव्या पोलक्याला पीठ लागलं, आणि ती नुसतं "गं बाई, गं बाई" म्हणत राहिली. अण्णांनी पदर नसल्याने उपरण्याने डोळे टिपले. आता मी धारलाच राहणार, असं मला वाटलं. त्या दोन मिनिटांत मी इतकी सुखात होते की पुढे आयुष्यात बऱ्याच गोष्टी मिळाल्या तरी त्या सुखाशी बरोबरी झाली नाही.

मग आईने डोळे पुसले आणि अगदी प्रेमाने विचारलं, "बाळा, अर्ध्याला पावाने भागलं तर किती?"

मी मनात उलटं केलं, गुणलं. "द-दोन."

"शाबास. पण मला सांग, भागल्यावर वस्तू लहान व्हायला हवी ना? अर्धं होतं, त्याला भागलं, आणि दोन झाले? मोठे कसे झाले?"

याचं उत्तर सीडीत नव्हतं. असलं तरी आमच्या थांबण्याने तुकडे होऊन निसटलं असेल. मी तोंड उघडलं. "क-क-क..." दार लागलं, आणि या वेळी दाराच्या पलीकडेही काही नव्हतं. अण्णा सवयीने पुढे झाले, "कारण दूसरी भिन्न को उलट..." आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पीठ त्यांच्याही धोतराला लागलं. ते थांबले. बाहेर पोरं लवंगी फटाके लावत होती. मग आईने विचारलं, "अहो, तुम्हाला येतं का याचं उत्तर?" अण्णांनी मान हलवली, नाही.

भाऊबीजेनंतर मी देवासला गेले. अण्णा बसपर्यंत आले, खिडकीतून सीताफळांची पिशवी दिली, आणि बस हलली तेव्हा मान वरखाली केली, संथा देताना करायचे तशी.

देवासचं क्वार्टर टेकडीच्या बाजूला होतं. सकाळी भोंगा व्हायचा, त्याआधी आई डबा घेऊन निघालेली असायची. शेजारी सगळी कारखान्यातली मराठी बिऱ्हाडं, त्यामुळे भीती काही नव्हती. आईने तिथल्या टीव्हीलाही तसंच यंत्र जोडून घेतलं होतं; मी त्यात सीडी लावायची आणि पहिलं वाक्य झालं की माझं बोट आपोआप बटणावर जायचं. सर तोंड उघडं ठेवून थिजायचे. आणि खोलीत काहीच व्हायचं नाही. कोणी "म्हण" म्हणायचं नाही. मी म्हणून बघायची तर जीभ चालायची नाही. पंख्याचा आवाज, नळाची धार, खालच्या मजल्यावरचा कुकर. असे कित्येक दिवस गेले. मला अण्णांची इतकी आठवण यायची की पोटात दुखतंय असं सांगून मी ओवा खायची. शेवटी कंटाळून मी बटण दाबणं सोडलं आणि सरांना बोलू दिलं. पूर्ण. तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की हा माणूस एका वाक्यावर दुसरं वाक्य रचत कुठे तरी निघालेला असतो.

आई संध्याकाळी आली की हातपाय धुवून चहा टाकायची आणि एकच विचारायची, "आज काय नाही कळलं?" काय शिकलीस असं ती कधी विचारत नसे. मी अडखळत सांगू लागायची आणि ती थांबायची. चहा निवायचा, ती थांबलेली. शब्द तिला कधीच कळलेला असायचा, पण ती तो माझ्या तोंडात घालत नसे. सुरुवातीला मला तिचा राग यायचा. अण्णा असते तर माझं वाक्य त्यांनी कधीच पूर्ण करून दिलं असतं. अण्णा शेजारी बसायचे, आई समोर बसायची. शुभदाला मला हे सांगायचं होतं बहुधा, पण एवढ्याने तिचं काय भागणार?

एका संध्याकाळी मी म्हटलं, "भ-भागल्यावर म-मोठं कसं होतं, तेच." निळ्या डब्यातला भिन्नांच्या सीडीचा कप्पा रिकामा होता; ती सीडी धारला यंत्रातच राहून गेली होती, त्यामुळे पुन्हा बघायची सोय नव्हती. आईने अर्धा लिटर दुधाचं भरलेलं पातेलं माझ्यापुढे ठेवलं, दुधवाल्याकडचं असतं तसं पाव लिटरचं माप ठेवलं, आणि ती भात लावायला निघून गेली. मी दुधाकडे बघत बसले. साय धरली. मग मी माप बुडवलं, दुसऱ्या भांड्यात ओतलं. पुन्हा बुडवलं, ओतलं. पातेलं रिकामं झालं. मी आईला हाक मारली नाही. ते दूध परत पातेल्यात ओतलं आणि पुन्हा मोजलं. भाताची शिट्टी झाली तेव्हा मी तिसऱ्यांदा मोजत होते, आणि मला अण्णांना सांगायचं होतं.

रामनवमीला आम्ही धारला गेलो. आई बसस्टँडवर फुलं घ्यायला थांबली, मी पुढे धावले. दुपारची वेळ, देऊळ बंद, मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आतून सरांचा आवाज येत होता. "तो बच्चो, आज हम सीखेंगे..." आणि आवाज थांबला. मी दाराच्या फटीतून बघितलं. अण्णा चटईवर माझ्या जागेशेजारी बसले होते. माझी जागा मोकळी. डाव्या हातात रिमोट. सर थिजलेले. अण्णा मान वरखाली करत, दोन वेळा वाक्य म्हणायला लागेल तेवढा वेळ गप्प बसले, मग बटण दाबलं. सर पुढचं वाक्य म्हणाले, खोकले. अण्णाही खोकले. पुन्हा थांबवलं, पुन्हा गप्प. ती सीडी राहून गेली होती की ठेवून घेतली होती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

मी दार ढकललं. ते गडबडले, रिमोट चादरीखाली सरकवू लागले, चोरी पकडल्यासारखे. "आलीस? आई कुठे? पाणी पी आधी." मी पाणी प्यायले नाही. मी सरळ त्यांच्या पूजेच्या भांड्यांतून एक मोठं फुलपात्र आणि त्याच्या अर्ध्या मापाची वाटी उचलली. सोवळ्यातली भांडी. त्यांनी उचलू दिली. मी फुलपात्र पाण्याने भरलं, चटईवर ठेवलं आणि माझ्या जागेवर नाही, त्यांच्या समोर बसले.

"अ-अण्णा, ह-हे अर्धं समजा. आणि ह-ही व-वाटी..." दार लागलं. "ही व-वाटी प-प-प..."

'पाव' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. ओठ मिटले, जरासे पुढे आले. मी वाट बघत होते की ते म्हणतील आणि मी त्यांच्यामागून म्हणेन, आणि सगळं पूर्वीसारखं होईल. मला तसं व्हायलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांनी तो शब्द गिळला. मांडीवरचे हात त्यांनी एकमेकांत घट्ट धरले आणि ते माझ्याकडे बघत थांबून राहिले. त्यांना ते किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा नाही, फार उशिरा कळलं.

"...प-पाव. भागायचं म्हणजे क-कापायचं नाही अण्णा. म-मोजायचं. ह्यात ती क-किती वेळा म-मावते?" मी फुलपात्रातून वाटी भरली, शेजारच्या रिकाम्या तांब्यात रिती केली. पुन्हा भरली, रिती केली. फुलपात्र कोरडं पडलं. "द-दोन."

अण्णांनी फुलपात्र उचलून आत बघितलं. तांब्यात बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. पडद्यावर सर तोंड उघडं ठेवून थांबलेले होते. इतक्यात आई फुलांची पुडी घेऊन दारात आली, तिने आम्हाला पाहिलं, आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"अस्सं होय," अण्णा हळूच म्हणाले. मग पाठ ताठ केली, तांब्यातलं पाणी परत फुलपात्रात ओतलं, ते माझ्यापुढे सरकवलं आणि मान जराशी वरखाली केली.

"पुन्हा," म्हणाले.